तक्रार खरी

केबिनमध्ये धुराचा वास येतो, असं सांगत एखादा ट्रक ड्रायव्हर आमच्या आयटीआयच्या शेडमध्ये आला की मी लगेच बॉनेट उघडत नाही. त्याला बाकावर बसवतो, चहा मागवतो आणि विचारायला लागतो. वास कधी येतो, गाडी उभी असताना की पळताना? चढाला की उताराला? सकाळी पहिला सेल्फ मारल्या मारल्या, की इंजिन तापल्यावर? एक काच खाली केली की कमी होतो की वाढतो? डोळे झोंबतात का? डोकं धरतं का, आणि धरत असेल तर गाडीतून उतरल्यावर किती वेळाने सुटतं? शेजारी बसणाऱ्यालाही तसंच होतं का? ‘मेकॅनिक डिझेल’ ट्रेडची माझी मुलं तोवर चुळबुळत असतात, त्यांचे हात पान्ह्याकडे धावत असतात. पण एवढं विचारून होईपर्यंत मी कुणालाही गाडीला हात लावू देत नाही.

हे प्रश्न माझे नव्हेत, चाचांचे आहेत. कराडच्या कोल्हापूर नाक्याजवळ, हायवेला लागून त्यांची पत्र्याची शेड होती. अख्खा नाका त्यांना चाचाच म्हणायचा, मीही तेच म्हणायचो, म्हणून इथेही तेच राहू दे. शिक्षण चौथीपर्यंत. इंजिनावरची इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता यायची नाहीत, मराठी मात्र सुवाच्य लिहायचे. आयुष्यात ज्यांचं देणं फेडता आलं नाही अशी दोनच माणसं मी मोजतो. एक माझी आई, दुसरे चाचा. माझ्या वडिलांचं नाव त्यांनी राखलं आणि माझ्या हाताला कसब दिलं. दोन्ही एकाच गाडीपायी घडलं.

ते कळायला त्या काळची केबिन डोळ्यांसमोर आणायला हवी. आज बहुतेक ट्रक केबिनसकट कारखान्यातून येतात. तेव्हा मालक विकत घ्यायचा ती चॅसिस. सांगाडा, इंजिन, चाकं आणि पुढचा दर्शनी पत्रा, बस्स. ती आणणारे ड्रायव्हर उघड्यावर, तात्पुरत्या सीटवर बसून, डोक्यातोंडाला फडकं गुंडाळून शेकडो किलोमीटर यायचे. मग बॉडीबिल्डरकडे सुतार, लोहार आणि पेंटर मिळून केबिन बांधायचे. लाकडाची चौकट, वर पत्रा, आत देव्हारा, आरसे, गोंडे. काम देखणं असायचं. पण इंजिनाचा मागचा भाग ड्रायव्हर आणि किन्नर, म्हणजे क्लीनर, यांच्या मधे, केबिनच्या आतच यायचा. त्याच्यावर पत्र्याचं झाकण, झाकणावर रेक्झिनची गादी. क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर, स्टीअरिंगचा दांडा, गिअरचा दांडा, वायरींचे जुडगे, प्रत्येकासाठी पत्र्याला भोक. भोक पाडताना बघायचं एवढंच की दांडा कुठे अडकू नये. त्यामुळे अंगठाभर जाडीच्या दांड्याला मूठभर भोक असायचं. पत्र्याच्या पलीकडे, हाताच्या अंतरावर, सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा मॅनिफोल्ड धगधगत असायचा. तिथे जरा फट पडली की धूर सायलेन्सरपर्यंत जायची वाट बघत नाही, जवळच्या भोकातून ड्रायव्हरच्या पायाशी येतो.

माझे वडील, आण्णा, अशाच एका टाटा १२१० वर ड्रायव्हर होते. गाडी मालकाची. कराडहून चिपळूणला गूळ, धान्य, पेंड न्यायची आणि येताना लोट्याच्या कारखान्यांचा माल भरून आणायचा. वाट पाटण, कोयनानगर, कुंभार्ली घाट, पोफळी. कराड-चिपळूणची सगळी भिस्त याच घाटावर. पावसाळ्यात कुंभार्लीत ढगातूनच गाडी चालवावी लागते. येताना पोफळी सोडली की भरल्या गाडीला पहिला नाहीतर दुसरा गिअर, वायपर चालू आणि दोन्ही काचा घट्ट बंद.

१९८८ साली दहावीची परीक्षा देऊन मी रिकामा होतो, म्हणून आण्णांबरोबर किन्नर म्हणून जायला लागलो. घाटात किन्नराचं निम्मं काम बाहेर असतं. वळणावर उतरून मागचं बघायचं, गाडी अडली तर चाकाखाली लाकडी ठोकळा सारायचा, ताडपत्रीची दोरी ढिली झाली तर आवळायची. मी भिजून चिंब, फूटबोर्डावर लटकलेला. आण्णा कोरडे, आत. पण घाटमाथ्यावर गाडी बाजूला लावली की आण्णा दरवाजा धरून उतरायचे, दोन पावलं चालून ओकायचे आणि कपाळ दोन्ही हातांनी दाबून दगडावर बसून राहायचे. कराडला पोचेपर्यंत त्यांची जीभ जड झालेली असायची, पाऊल नीट पडायचं नाही. रात्री पडवीत झोपले की सकाळी एकदम खडखडीत, अंघोळ करून हरिपाठ म्हणत बसलेले.

हाच क्रम मालकाच्या डोळ्यांत आला. घाट करून आलेला ड्रायव्हर अडखळतो, ओकतो आणि रात्र गेली की बरा होतो, याचा ट्रान्सपोर्टच्या धंद्यात एकच अर्थ लावला जायचा. आण्णा माळकरी होते. तुळशीची माळ गळ्यात पडल्यापासून त्यांनी चहाखेरीज कशाला तोंड लावलेलं नव्हतं. एका संध्याकाळी ऑफिसच्या दारात, हमाल आणि किन्नरांच्या देखत, मालकाने त्यांना तोंड उघडायला लावलं आणि दिवाणजीला वास घ्यायला सांगितलं. दिवाणजी वाकला, मागे सरला आणि म्हणाला, “दारूचा न्हाई मालक, डिझेलचा येतोय.” सगळे हसले. त्या रात्री आण्णा जेवले नाहीत. आईने काही विचारलं नाही, फक्त दिवा मालवायचा राहिला तो तिने मालवला. दुसऱ्या दिवशी निरोप आला, गाडी चाचाकडं सर्व्हिसिंगला लाव आणि किल्ली जमा कर.

चाचांनी किल्ली घेतली नाही. आण्णांना ते माऊली म्हणायचे. “माऊली, किल्ली का ठिवताय?” आण्णांनी मोजक्या शब्दांत सांगितलं. माझ्या तोंडून उरलेलं निघालं, दिवाणजीसकट. चाचा हातातला बोळा पुसता पुसता थांबले. “डिझेलचा वास? तोंडाला? मग तोंड कशाला तपासायचं, गाडी तपासाय पायजे.” त्यांनी एक रिकामा डबा पालथा घातला, आण्णांना त्याच्यावर बसवलं आणि विचारायला सुरुवात केली. वास कधी, चढाला का उताराला, गरम का थंड. मला म्हणाले, “आणि तुला काय हुतंय रं बाळ?” मी म्हणालो, काही नाही. “तू कुठं असतोस घाटात?” बाहेर, फूटबोर्डावर. ते नुसते हं म्हणाले. मग आण्णांना, “काच उघडली तर?” आण्णा म्हणाले, “एका बाजूची उघडली तर वास जास्तच येतो, म्हणून बंद ठेवतो.”

मला ते उलटं वाटलं होतं. काच उघडली तर वास जायला हवा. चाचांनी समजावलं ते आजही मी त्याच शब्दांत समजावतो. उघड्या काचेजवळून वारा धावतो तेव्हा आतली हवा बाहेर ओढली जाते. ती जागा भरायला हवा कुठून तरी येणारच, आणि सगळ्यांत जवळचं दार म्हणजे पायाशी असलेली भोकं. पलीकडून रेडिएटरचा पंखा इंजिनाभोवतीची गरम हवा मागे, केबिनकडेच ढकलत असतो. एका अंगाने ओढ, दुसऱ्या अंगाने रेटा. उभ्या गाडीत येणारा वास, चढाला येणारा वास आणि काच उघडल्यावर वाढणारा वास हे तीन वेगळे जबाब आहेत, आणि प्रत्येक जबाब वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो. मागच्या बाजूने वारा असताना उभ्या गाडीतच वास येत असेल तर आधी सायलेन्सरचं शेपूट कुठे तुटलंय ते बघावं. चढाला, इंजिनावर भार असतानाच येत असेल तर मॅनिफोल्ड.

“आता रातच्याला बघू,” चाचा म्हणाले. “दिवसा भोक दिसत न्हाई.”

रात्री शेडची दारं ओढून घेतली. चाचांनी हँडलॅम्प इंजिनाजवळ, मॅनिफोल्डच्या अंगाला टांगला. बॉनेट बंद केलं, बाहेरच्या फटींवर पोती टाकली. मग शेडमधले सगळे दिवे घालवून आम्ही तिघे काळोखात केबिनमध्ये बसलो. सुरुवातीला काहीच दिसलं नाही. डोळे सरावले तसा उजेड दिसायला लागला. स्टीअरिंगच्या दांड्याभोवती एक कडं. गिअरच्या फाटक्या रबरी बुटातून एक तिरीप. इंजिनाच्या झाकणाच्या कडेने, जिथली रबरी पट्टी वाळून तडकली होती तिथे, एक लांब रेघ. आणि क्लचच्या पेडलपाशी सगळ्यांत मोठं भोक, तिथला उजेड थेट आण्णांच्या दोन्ही पावलांवर पडलेला. चाचा खडूने प्रत्येक ठिकाणी खूण करत गेले. “उजेड जिथनं आला, धूर तिथनंच येनार,” एवढंच म्हणाले. मग इंजिन चालू करून त्यांनी उदबत्ती पेटवली आणि एकेका खुणेपाशी धरली. दुसऱ्या ठिकाणी धूर जागच्या जागी घुटमळायचा. क्लचच्या भोकापाशी मात्र कुणीतरी पलीकडून फुंकर मारल्यागत तो आत आला आणि आण्णांच्या गुडघ्यावरून वर चढला.

इंजिन बंद करून चाचांनी बजावलं, सकाळपर्यंत गाडीला कुणी हात लावायचा नाही. मॅनिफोल्डची फट थंड इंजिनातच बोलते. लोखंड तापलं की फुगतं आणि फट मिटल्यासारखी होते, म्हणून धावून आलेली गरम गाडी गॅरेजमध्ये तपासली तर बऱ्याचदा काही सापडत नाही. घाटात भार आला की धुराचा दाब वाढतो आणि तीच फट पुन्हा तोंड उघडते.

पहाटे सेल्फ मारला. चाचांनी पोतं ओलं करून त्याची घडी केली आणि क्षणभर सायलेन्सरच्या तोंडावर दाबली. मला त्यांनी रबरी नळीचं एक टोक कानाला लावायला दिलं होतं, दुसरं मी मॅनिफोल्डच्या जोडावरून सरकवत होतो. हात इंजिनाला लागू न देता, पंख्यापासून शर्टाची बाही सांभाळून. केबिनच्या अंगाच्या शेवटच्या जोडापाशी नळीत आवाज आला, फस्, फस्, फस्, इंजिनाच्या ठोक्याबरोबर. मी हात वर केला. चाचांनी पोतं काढलं, ते स्वतः आले, नळी कानाला लावली आणि माझ्या पाठीवर थाप मारली. त्या थापेने माझं पुढचं सगळं ठरवून टाकलं असं मला वाटतं.

खोलायच्या आधी त्यांनी मालकाला बोलावणं धाडलं. मालक आले. चाचांनी ड्रायव्हरच्या सीटवर बसायची विनंती केली, पलीकडची काच वर केली, दरवाजा लावून स्वतः बाहेर हँडल धरून उभे राहिले आणि मला रेस द्यायला सांगितली. फार वेळ लागला नाही. मालक डोळे पुसत, खोकत खाली उतरले. चाचा आवाज न चढवता म्हणाले, “तुमी जरासंक बसलासा. ह्यो मानूस अख्खा घाट बसतोय, काचा लावून.”

मग मॅनिफोल्ड उतरवला. मागच्या टोकाचा स्टड मुळापाशी तुटलेला, पॅकिंग जळून गेलेलं, आणि हेडवर त्या जागी पसरलेला काळा डाग. चाचांनी त्याच्यावर बोट फिरवून मला दाखवलं. बोटाला मऊ, कोरडी काजळी. “कोरडं काळं धुराचं, वलं काळं तेलाचं. ध्यानात ठेव.” तेव्हापासून कुठल्याही जोडावर डाग दिसला की माझं बोट आपोआप तिकडे जातं. तुटलेल्या स्टडवर नट वेल्ड करून तो फिरवून काढला. मॅनिफोल्डच्या तोंडावर पोलादी पट्टी ठेवून फीलर गेज घातलं तर टोकाला वाकलेला निघाला, म्हणून लेथवर फेसिंगला गेला. नुसतं नवं पॅकिंग घालून आवळला असता तर पुढच्या पावसाळ्यात तोच खेळ. आवळताना मधल्या नटांपासून दोन्ही टोकांकडे जायचं, एकदम जोर लावायचा नाही, आणि इंजिन तापून थंड झाल्यावर पुन्हा एकदा सगळे नट बघायचे. एअर क्लीनर खोलला तर त्यातल्या तेलाचा चिखल झालेला. इंजिनाला श्वास पुरत नव्हता, म्हणून धूर काळा आणि जास्त. तोही धुऊन काढला. शेवटी केबिन. ट्रकच्या जुन्या ट्यूबचं रबर कापून पेडलांना आणि स्टीअरिंगच्या दांड्याला बूट केले, मोठ्या भोकांवर पत्रा रिव्हेट केला, झाकणाच्या कडेने नमदा चिकटवला. रात्री पुन्हा दिवा टांगून आम्ही काळोखात बसलो. क्लचपाशी केसाएवढी एक रेघ राहिली होती. चाचांनी ती राहू दिली नाही.

बिल त्यांनी स्वतः लिहिलं, कार्बन घालून. पहिल्या ओळीत स्टड नव्हता, पॅकिंगही नव्हतं. पहिली ओळ होती, ‘ड्रायव्हरची तक्रार : केबिनमध्ये धूर, डोकेदुखी, ओकारी. तपासली. तक्रार खरी.’ मालकांनी विचारलं, ह्याचे किती? चाचा म्हणाले, “त्याचं पैसं न्हाईत. पर ती वळ ऱ्हानार.” मालकांनी बिल भरलं आणि किल्ली आण्णांच्या हातात दिली. माफीचा शब्द त्यांच्या तोंडून निघाला नाही. कार्बनची प्रत आण्णांनी मागून घेतली. त्यांच्या ज्ञानेश्वरीत ती अजून आहे. अक्षरं फिकट झालीत, वाचता येतात.

मला चाचांच्या हाताखाली राहायचं होतं. चाचा म्हणाले, आधी आयटीआय कर, मला वाचता येत नाही ते तू वाच, आणि सुट्टीला इथं ये. तसंच केलं. ट्रेडच्या पुस्तकात धुराचे रंग होते, काळा, निळा, पांढरा. वासावर ओळसुद्धा नव्हती. ते शिक्षण शेडमध्ये झालं. चाचा चिंध्या तयार ठेवायचे. एक कच्च्या डिझेलची, एक इंजिन ऑइल तव्यावर तापवून त्यात बुडवलेली, एक कूलंटची, एक जळक्या क्लच प्लेटच्या भुकटीत घोळलेली. डोळे मिटायला लावून एकेक नाकाजवळून न्यायचे. कच्चं डिझेल म्हणजे नोझलची परतीची नळी पाझरते. तळल्यासारखा जड वास म्हणजे टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधून तेल मॅनिफोल्डवर गळतंय, किंवा इंजिनाचा ब्रीदर जोरात श्वास सोडतोय आणि रिंगा संपत आल्यात. गोडसर वास कूलंटचा. आणि डोळ्यांना झोंबणारा, घशाला खवखवणारा तो खरा धूर. एका वेळी दोन-तीन चिंध्यांपुढे ते जाऊ द्यायचे नाहीत. “नाक लौकर मरतं. भाईर जा, वारा घे, मग ये.” ड्रायव्हर म्हणतो, सुरुवातीला वास येतो, नंतर जातो. जात नाही. त्याचं नाक थकतं, धूर येतच असतो. म्हणूनच केबिनमध्ये अत्तराच्या कुप्या टांगलेल्या दिसल्या की मला राग येतो. ज्या वासाने माणसाला सावध करायचं तोच झाकून टाकायचा.

आयटीआयच्या वाचनालयात मला कार्बन मोनॉक्साइडवरचं प्रकरण सापडलं आणि आण्णांच्या त्या संध्याकाळी एकेक करून उलगडत गेल्या. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मग मळमळ, मग जीभ जड आणि तोल जातो. बघणाऱ्याला दारू प्यायल्यासारखं वाटावं अशीच सगळी लक्षणं. मोकळ्या हवेत रक्तातला निम्मा वायू निघून जायला साधारण चार-पाच तास लागतात, म्हणजे पडवीत रात्रभर झोपलेला माणूस सकाळी हरिपाठ म्हणायला खडखडीत उठणारच. डिझेल इंजिनात हवा मुबलक असते, म्हणून हा वायू पेट्रोल इंजिनापेक्षा बराच कमी निघतो. पण एअर क्लीनर तुंबलेला, गाडी अतोनात भरलेली, चढ आणि काळा धूर, मग तो वाढतो, आणि काचा लावलेली केबिन म्हणजे लहानशी खोली. ब्रिटनमधल्या कोळसा खाणींतल्या स्फोटांचा अभ्यास करून जॉन स्कॉट हाल्डेन या शास्त्रज्ञाने १८९६ मध्ये दाखवून दिलं होतं की बहुतेक मजूर स्फोटाने नव्हे, मागे राहिलेल्या या वायूने मेले. त्याच्याच सल्ल्याने पुढे खाणीत लहान पक्षी नेऊ लागले, माणसाच्या आधी ते कोलमडतात म्हणून.

हे सगळं मी चाचांना वाचून दाखवलं. पक्ष्यांपाशी त्यांनी मला थांबवलं. “म्हंजे वास न्हाई तरी मानूस मरतोय?” मी हो म्हणालो. ते बराच वेळ गप्प बसले. त्या दिवसापासून त्यांचा पहिला प्रश्न बदलला. वास येतो का, याच्या आधी ते विचारायला लागले, डोकं दुखतं का. साठीकडे झुकलेला, आपल्या कामात कुणी बोट ठेवू शकणार नाही असा मिस्त्री, कालच्या पोराने वाचून दाखवलेल्या पानाने आपली पद्धत बदलतो, हे मी पाहिलं आहे. माझ्यावरचं त्यांचं सगळ्यांत मोठं ऋण कोणतं, असं कुणी विचारलं तर मी हा दिवस सांगेन.

२०१२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलचा धूर माणसात कर्करोग घडवणारा म्हणून जाहीर केला. बातमी वाचून मी आण्णांच्या फोटोसमोर उभा राहिलो होतो. तेव्हापासून आमच्या शेडमध्ये चालू इंजिनाच्या सायलेन्सरला नळी जोडून धूर बाहेर सोडल्याशिवाय कुणी रेस देत नाही. मुलं आधी कुरकुरतात, नंतर त्यांनाच सवय लागते.

हायवे रुंद होत गेला तशी नाक्यावरची शेड गेली. चाचा घरी बसले. वयाबरोबर त्यांचा गंध गेला. वासावर आयुष्य काढलेल्या माणसाला भाजी करपलेली कळेना, पण त्यांनी त्याची हळहळ केली नाही. मी भेटायला गेलो की गाड्यांबद्दल विचारायचे. अशाच एका भेटीत माझा जुना विद्यार्थी त्याचा नवा ट्रक घेऊन तिथेच आला. २०२० च्या एप्रिलपासून आलेल्या बीएस-सिक्सच्या गाड्यांपैकी, बंद एसी केबिनची. तक्रार एकच, उभ्या गाडीत वास येतो. चाचांनी खुर्ची अंगणात आणायला लावली. “मला येत न्हाई आता. तू हुंग आणि सांग.”

मी केबिनमध्ये चढलो. “मुतारीचा येतोय चाचा. नाकात चढतोय.”

“डिझेलच्या गाडीत मुतारीचा?” त्यांना पटेना. मी सांगितलं, या गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये युरियाचं पाणी फवारतात, शंभर भागांत साडेबत्तीस भाग युरिया. त्याचा अमोनिया होतो आणि धुरातले विषारी वायू मारतो. ते हसले, मनापासून. “शेतातला युरिया सायलेन्सरात!” मग लगेच कामाला लागले. एसी बाहेरची हवा घेतो तेव्हा येतो का आतलीच हवा फिरवतो तेव्हा? विद्यार्थी म्हणाला, बाहेरची घेतो तेव्हाच. मागनं वारा असला की? हो, जास्त. चाचा माझ्याकडे वळले. “मग भोक केबिनला न्हाई, पायपाला हाय. आणि काळं हुडकू नको. काजळी आधीच जाळून टाकत असतील ह्या गाड्या. युरिया वाळला की पांढरा पडतोय. पांढरं हुडक.”

मी चॅसिसखाली गेलो. युरिया जिथे फवारला जातो त्याच्या पुढच्या जोडावर, क्लॅम्पच्या खालच्या अंगाला, मिठासारखा पांढरा थर जमला होता. क्लॅम्प बोटाने हलत होता.

वर येऊन सांगितलं तेव्हा चाचा विद्यार्थ्याशी बोलत होते. डोळे चुरचुरत होते का? होय. मालकाला सांगितलंस का? सांगितलं, ते म्हणाले, नव्या गाडीला काय होतंय, तुझंच नाक नाजूक. रात्री लोडिंगच्या लायनीत थांबतोस तेव्हा एसी लावून, इंजिन चालू ठेवून झोपतोस? पोरगा खाली बघून होय म्हणाला. चाचांनी त्याला समोर बसवून बराच वेळ समजावलं. वास नाही म्हणून धूर नाही असं समजू नको, पाठ टेकायची तर इंजिन बंद कर, उकाडा सोस. मग त्यांनी त्याच्याकडून मालकाचा नंबर घेतला आणि मला म्हणाले, “फोन लाव. मी बोलतो.”